बोगनवेलीला नुसती पानंच? युरिया थांबवा, पाणी कमी करा

ठाणे : नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची गॅलरी असो की मुरबाड-शहापूरकडच्या घराचं कुंपण, बोगनवेलीबद्दल तक्रार एकच असते. वेल हिरवीगार, पण फुलांचा पत्ता नाही. मग फुलं यावीत म्हणून आणखी युरिया, आणखी पाणी दिलं जातं. बिघडतं ते तिथंच.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. नत्रानं पानं आणि फांद्या जोरात वाढतात, फुलं मागे पडतात. फुलांसाठी स्फुरद आणि पालाश लागतं.

ऊन : रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. शेजारच्या इमारतीची दिवसभर सावली पडत असेल, तर कितीही खत घाला, बहर कमीच येणार. कुंडी गच्चीवर हलवा.

पाणी : वरची दोन बोटं माती कोरडी झाली की मगच पाणी द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. थोडा ताण बसला की वेल फुलावर येते. पण पूर्ण वाळवू नका.

छाटणी : फुलं नव्या फुटव्यांवर येतात. म्हणून पाऊस सरला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, लांब फांद्या साधारण एक तृतीयांश छाटा. काटे असतात, हातमोजे घाला. नवे फुटवे आले की पुन्हा कात्री लावू नका.

खत : छाटणीनंतर दोन ओंजळी कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा एक लहान चमचा १०:२६:२६ खोडापासून लांब, ओल्या मातीत टाका आणि वर पाणी द्या. ठिबकसाठी आणलेलं ०:५२:३४ घरात असेल, तर त्याऐवजी ते लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा चालेल. दोन्ही एकदम नको. भर पावसात खत घालू नका, ते वाहून जातं.

कुंडी : लगेच मोठी कुंडी देऊ नका. मुळं थोडी दाटीत असली की ही वेल चांगली फुलते.

आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाकळी खरं तर पानच आहे. खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी.

तेव्हा वेल 'वांझ' म्हणून उपटू नका. एक हिवाळा असं करून बघा.