नाव बदललं, नंबर राहिला

मॉरिशसमध्ये मराठी कुळाचं मूळ शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो आडनावापाशी. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकण-साताऱ्याकडच्या गिरमिट्यांपैकी, म्हणजे करारबद्ध मजुरांपैकी, अनेकांची आडनावं कागदावर चढलीच नाहीत. मग पणजोबाचं पाळण्यातलं नाव, गणू असो की बाबाजी, नातवंडांचं आडनाव झालं. त्यात कारकून फ्रेंच नाहीतर इंग्रजी वळणाचा. त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. बोटीच्या यादीत एक, मळ्याच्या वहीत दुसरंच.

हातात उरतो तो नंबर.

1834 पासून मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर उतरले. प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नोंदवहीत त्यापुढे बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, बोट असा तपशील असे. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटोचा पासही सक्तीचा केला. हेतू पाळत ठेवण्याचा, पण आज तोच कागद कित्येक घरांत पूर्वजाचा एकमेव चेहरा आहे!

खरी पंचाईत पुन्हापुन्हा देश ओलांडणाऱ्याची. करार संपवून गावी परतलेला माणूस परत बोटीत चढला की नवा क्रमांक, कधी नवं नावही. कुणी पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गेला, तर तिथली नोंद वेगळी. 1860 ते 1911 दरम्यान तिथे 1,52,184 जण पोचले. अशा वेळी नावामागे धावू नये. बापाचं नाव, गाव आणि वय तिन्ही जुळतात का ते पाहावं. वयात दोन-चार वर्षांची तफावत चालवून घ्यावी, ते बहुधा अंदाजानंच लिहिलेलं असे.

मॉरिशसच्या या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. जाताना घरातली जुनी कागदपत्रं चाळून क्रमांक तेवढा सोबत न्यावा.