भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका

काटेवाडीच्या वस्तीतून कुणाचे ऑपरेशन ठरले की इंदापूर रस्त्याने बारामती गाठायची. सोबत घरची चार माणसे असतात. भूलतज्ज्ञ डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" पेशंट शेजारी उभ्या बायकोकडे, मुलाकडे पाहतो आणि "नाही" म्हणतो. पंचशीलातले पाचवे शील म्हणणाऱ्या घरात हे कबूल करणे जड जाते, हे आम्हीही जाणतो. पण तो प्रश्न शीलाची परीक्षा घ्यायला नसतो. भुलीच्या इंजेक्शनचा डोस त्यावर ठरतो.

शिरेतून द्यायचे नेहमीचे औषध म्हणजे प्रोपोफॉल, दिसायला दुधासारखे पांढरे. धडधाकट तरुणाला किलोमागे साधारण 1.5 ते 2.5 मिलिग्रॅम लागते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 90 ते 150. आजीला किलोमागे 1 ते 1.5 पुरते. लहान मुलाला मात्र मोठ्यांपेक्षा जास्त, 2.5 ते 3.5. आजीचे हृदय रक्त सावकाश फिरवते, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. झोप लागली नाही म्हणून घाईने आणखी दिले तर बीपी एकदम खाली येते. म्हणून डॉक्टर थोडे देऊन थांबतात, पाहतात, मग पुढचे देतात. म्हातारीला भूल उशिरा चढली तर घाबरू नका.

अपघातात रक्त गेलेले, जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटलेले, हृदय कमजोर झालेले, यांनाही डोस कमी लागतो. लठ्ठ माणसाच्या चरबीचे वजन हिशेबात पूर्ण धरत नाहीत. फार घाबरलेल्याला थोडे जास्त लागू शकते.

दारूचे गणित सगळ्यांत अवघड. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला गुंगीची सवय झालेली असते, त्याला बहुधा जास्त लागते. त्याचेच यकृत किंवा हृदय खराब झाले असेल तर जपून, कमी द्यावे लागते. आणि भीती घालवायला सकाळीच घोटभर मारून गेला असेल तरी कमी; वर उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका. हे सारे डॉक्टरांना चेहऱ्यावरून कसे कळणार?

बीपी, साखर, फिट, झोप यांच्या गोळ्या, वैद्याचे चूर्ण, जे चालू असेल ते पाकिटासकट पिशवीत घालून न्या. दारूचे घरच्यांसमोर बोलवत नसेल, तर "डॉक्टर, दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे" एवढे म्हणा. ते बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगतील.