पुरेसं किती? (भाग ७) : एकूण धुराचा हिशेब

निसर्ग जेवढं भरून देतो तेवढंच उचलणारी अर्थव्यवस्था टिकते, हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली मांडलं. ते आपण मागच्या भागात पाहिलं. पण चालू कारखान्यांना अशी मर्यादा घालता येते का? त्यासाठी सुरतेजवळच्या सचिनला जाऊ.

सचिन हे एकेकाळी सिद्दी नवाबांचं छोटं संस्थान होतं. आज तिथे जीआयडीसीची (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची) मोठी वसाहत आहे. डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांना वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटासाठी सुरतेला आलेली हजारो कुटुंबं उधना, लिंबायत, डिंडोलीत याच हवेत श्वास घेतात.

प्रदूषणाचा नेहमीचा नियम धुराड्यागणिक असतो: एक घनमीटर धुरात कण अमुक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. नियम पाळणारी दहा धुराडी वाढून वीस झाली, तर कुणाचाच गुन्हा नाही आणि हवेत मात्र धूळ दुप्पट. हर्मन डेली हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ याच चुकीवर बोट ठेवत. आधी एकूण किती ते ठरवा, मग वाटणी न्याय्य करा, बाजार त्यानंतर, असा त्यांचा क्रम होता.

गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली सुरतेत त्यातलं पहिलं पाऊल टाकलं. कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या, म्हणजे मुख्यतः कापडगिरण्यांच्या, एका गटाने मिळून किती टन कण सोडायचे याची कमाल ठरली आणि परवान्यांच्या रूपात तिचे वाटे पडले. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली. ज्याने वाट्यापेक्षा कमी सोडलं त्याने उरलेले परवाने विकायचे. ज्याने जास्त सोडलं त्याने ते विकत घ्यायचे, नाहीतर अनामत रकमेतून भरपाई द्यायची. कणांच्या प्रदूषणासाठी असा बाजार जगात पहिलाच. अभ्यासकांनी इतर कारखान्यांशी तुलना केली तेव्हा या गटाचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. तरी त्याची कक्षा ओळखली पाहिजे. कमाल आहे ती धुरातल्या कणांवर. कापड किती काढायचं, पाणी किती उपसायचं, रसायनं कुठे जायची, हे सगळं तिच्याबाहेर. जानेवारी २०२२ मध्ये सचिनच्या वसाहतीत टँकरमधून नाल्यात रासायनिक कचरा सोडला गेला आणि विषारी वायूने सहा जणांचा जीव घेतला. तो वायू कोणत्याही धुराड्याच्या मोजणीत येणारा नव्हता.

आणि यंत्रमागावरचा माणूस? सुरतेत बहुतेकांची पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. कापड जास्त निघालं तरच घरी पैसे जास्त जातात. अशा माणसाला 'उत्पादन आवरा' म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. मीटर घटले तरी चूल पेटली पाहिजे. त्यासाठी निश्चित पगार, आठ तासांची पाळी, परवडणारी खोली, जवळचा सरकारी दवाखाना लागेल. निसर्गाच्या मर्यादेची गोष्ट करणाऱ्यांनी या मागण्या पहिल्या ओळीत लिहाव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्या मान्य होईपर्यंत कोणतीही कमाल कामगाराला आपली वाटणार नाही.

पुढच्या भागात पाणी. बमरोलीत शुद्ध केलेलं सांडपाणी सुरत महापालिका २०१४ पासून पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकते. प्रकल्पाची क्षमता रोज चार कोटी लिटर.