उन्हाळी चित्रपट आणि दुसरा आठवडा

वसंतातील फाग, श्रावणातील कजरी, शरदातील कोजागरी यांमुळे ऋतू आणि कला यांचे नाते आपल्या मनात पक्के रुजलेले आहे. चित्रपटालाही एक ऋतू आहे. परंतु तो निसर्गाने नव्हे, तर व्यापाराने ठरविलेला आहे. अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्था आपले सर्वांत खर्चिक चित्रपट मे ते ऑगस्ट या काळात प्रदर्शित करतात, कारण तिकडील शाळांची दीर्घ सुट्टी तेव्हा असते. 'उन्हाळी चित्रपट' म्हणतात ते हेच. रायपूरच्या रसिकाला हे नाव काहीसे गमतीचे वाटावे. त्याच्या शहरात मे महिन्यात ऊन अंग भाजून काढते हे खरे. पण जून सरत नाही तोच पाऊस येतो आणि शाळा उघडतात. 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' हे दोन गाजलेले उन्हाळी चित्रपट २१ जुलै २०२३ रोजी एकाच दिवशी आले, तेव्हा छत्तीसगडात भातशेतीची ऐन धांदल होती.

हा ऋतू मुळात कसा निर्माण झाला, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी मोठा चित्रपट प्रथम निवडक शहरांतील निवडक चित्रगृहांत लागे आणि त्याची कीर्ती जसजशी पसरे तसतसा तो गावोगाव जाई. २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'जॉज' अमेरिकेत एकदम चारशेहून अधिक चित्रगृहांत झळकला. त्याआधीच्या काही रात्री दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा वर्षाव झाला होता. त्याचे यश पाहून सर्वत्र एकाच दिवशी प्रदर्शन आणि त्यापूर्वी प्रचंड जाहिरात ही रीत रूढ झाली. विशेष हे की, दोनच वर्षांनी २५ मे १९७७ रोजी आलेला 'स्टार वॉर्स' आरंभी पन्नासही चित्रगृहांत नव्हता. तो प्रेक्षकांच्या तोंडी कीर्तीवर वाढला. व्यापाऱ्यांनी मात्र धडा घेतला तो 'जॉज'च्या जाहिरातीचा.

या रीतीचा रसिकाच्या मताशी फार निकटचा संबंध आहे. पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांनी चित्रपट पाहिलेला नसतो, आणि पाहिलेल्या कोणाशी त्यांचे बोलणेही झालेले नसते. म्हणून त्या तीन दिवसांचे उत्पन्न हा जाहिरातीविषयीचा कौल होय. चित्रपटाविषयीचा कौल दुसऱ्या आठवड्यात मिळतो. २०२२च्या मे महिन्यात आलेल्या 'टॉप गन: मॅव्हरिक'ने अमेरिकेत पहिल्या शुक्रवार ते रविवारी सुमारे १२ कोटी ६७ लक्ष डॉलर मिळविले, पुढच्या तीन दिवसांत ती रक्कम सुमारे ९ कोटींवर आली, म्हणजे घट तीस टक्क्यांहूनही कमी. उलट २०२३च्या जूनमधील 'द फ्लॅश'चे पहिले उत्पन्न साडेपाच कोटी डॉलर होते आणि आठवड्याभरात ते सुमारे दीड कोटीवर उतरले. पहिल्याने पाहणाऱ्यांना बोलते केले. दुसऱ्याने गप्प केले.

असे का व्हावे? 'टॉप गन'मधील नट खऱ्या लढाऊ विमानांच्या मागील आसनांवर बसून आकाशात गेले होते. वेगाने त्यांच्या चेहऱ्यांवर उमटविलेला ताण प्रेक्षकाला आपोआप जाणवतो. कथा साधी असली तरी तिच्यातील धोका खरा वाटतो. 'द फ्लॅश'मध्ये गणकयंत्राने घडविलेले चेहरे आणि जुन्या नायकांची पुनर्भेट यांवर भर होता. ओळखीचा आनंद क्षणाचा असतो. तो घरी नेता येत नाही. 'ओपनहायमर' हा तर तीन तासांचा आणि बहुतांशी बंद खोल्यांतील संभाषणांचा चित्रपट. तरीही तो आठवडे न् आठवडे चालला आणि २०२४ साली त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. 'बार्बी'त बाहुली विकणाऱ्या कंपनीचीच थट्टा आहे, ही तिची गंमत. मात्र उत्तरार्धात पात्रे उपदेश करू लागतात तेथे तिचा पाय जड होतो.

भव्यता हा दोष नव्हे, हेही रसिकाने ध्यानी ठेवावे. १९९३चा 'ज्युरासिक पार्क' दुसऱ्या वर्षी हिंदी रूपात भारतात आला आणि लहान गावांतही पोहोचला. दोन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या त्या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. उरलेला वेळ चाहुलीचा आहे. 'जॉज'मध्येही यांत्रिक मासा वारंवार बिघडे, म्हणून तो फारसा दाखविता आला नाही, आणि त्या अडचणीतूनच भीती निर्माण झाली. आजचा उन्हाळी चित्रपट कोठे फसतो याचे उत्तर यातच आहे: दाखविण्याची शक्ती अमर्याद झाली आणि लपविण्याची कला मागे पडली.

रायपूरच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील मराठी रसिक इंग्रजी चित्रपट हिंदीतून पाहतो, त्यावर घरी मराठीत बोलतो आणि त्याच्या भोवतीच्या प्रदेशाची भाषा छत्तीसगडी असते. त्या छत्तीसगडीतील पहिला चित्रपट, मनू नायक यांचा 'कहि देबे संदेस', १९६५ साली आला. त्यात महंमद रफी यांनी गाणी म्हटली होती. १९७१च्या 'घर द्वार'नंतर जवळजवळ तीन दशके ही वाट ओस राहिली. मग २००० साली, छत्तीसगड राज्याच्या जन्माच्या सुमारास, सतीश जैन यांचा 'मोर छंइहा भुंइया' आला आणि रायपुरात दीर्घकाळ चालला. त्याच्यामागे जाहिरातीचे डोंगर नव्हते. एका प्रेक्षकाने दुसऱ्याला सांगितले, एवढेच त्याचे भांडवल. २०२४च्या मे महिन्यात त्याचा दुसरा भाग आला, तो बड्या चित्रपटांच्या ऐन हंगामात.

अशा चित्रपटाला वेळ लागतो. बहुपडदा चित्रगृहांत मात्र उत्पन्न पाहून खेळ झपाट्याने बदलतात. शुक्रवारी सकाळी आलेला लहान चित्रपट पुढच्या शुक्रवारी दुपारच्या एका अडनिड्या खेळापुरता उरतो किंवा नाहीसा होतो. बडा चित्रपट पहिल्या तीन दिवसांवर जगू शकतो. छोट्याला दुसरा आठवडा न मिळाला तर त्याच्याविषयी कोणाचे मत बनण्यापूर्वीच तो संपतो. चांगला होता की वाईट, हा प्रश्नच मग उरत नाही.

रसिकाच्या मताचे मोल येथे आहे. पहिल्या दिवसाच्या कोट्यवधींचे आकडे त्याने घोकण्याचे कारण नाही. ते काम व्यापाऱ्याचे. चित्रपट पाहून झाल्यावर चार दिवसांनी काय आठवते, हे त्याने स्वतःला विचारावे आणि ते शेजाऱ्याला कारणासह सांगावे. परदेशी चित्रपटाची त्यामुळे योग्य पारख होईल, आणि आपल्या मातीतील चित्रपटाला ज्याची सर्वांत अधिक गरज आहे तो दुसरा आठवडा कदाचित मिळेल.