थेंब अडला की बाग अडली : ठिबकाची गाळणी कशी निवडाल?

वाचकहो, आपल्या घरात गाळण्या किती आहेत ते एकदा मोजून पाहा. चहाची गाळणी वेगळी, पिठाची चाळणी वेगळी, ज्वारीतले खडे काढण्याची वेगळी आणि माठाच्या तोंडावर बांधायचे दुपदरी फडके ते आणखी वेगळे. चहाच्या गाळणीने पीठ चाळायला कोणी बसत नाही. हे घरातल्या बायांना शिकवावे लागत नाही. पण हेच शहाणपण उंबरठा ओलांडून वावरात जाताना कुठे हरवते कोण जाणे! ठिबकाचा संच घेताना आपण नळीची जाडी विचारतो, अनुदानाचा आकडा विचारतो. गाळणी मात्र दुकानदार देईल ती मुकाट्याने घरी आणतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. बाग संत्र्याची, पाणी विहिरीचे. ठिबक बसवले तेव्हा जाळीची एक गाळणी मिळाली आणि काही वर्षे तिने चोख काम केले. पुढे विहीर उन्हाळ्यात तळ दाखवू लागली, म्हणून प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे केले. पंप विहिरीवरून उचलून तळ्यावर ठेवला. गाळणी तीच! आंबिया बहराचा ताण तोडला, बाग फुलली आणि पाहता पाहता नळीच्या शेवटच्या दोन ओळी मलूल झाल्या. कोणी म्हणे डिंक्या आहे, कोणी म्हणे मुळकूज. मी दोन वेळा औषधे आणली. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी एक तोटी उपटून तळहातावर झटकली, तर आतून शेंबडासारखा हिरवा लगदा बाहेर आला. त्या म्हणाल्या, "झाडाला रोग नाही, झाड तहानलेलं आहे." तोवर त्या ओळींची फुले आणि गुंड्या मातीत मिळाल्या होत्या. एक बहर गेला. तो गाळणीने गिळला, हे मला फार उशिरा कळले. आपल्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हा लेख.

पाणी कुठले, ते आधी पाहा

गाळणी पिकावरून निवडायची नसते, पाण्यावरून निवडायची असते. आपल्या वऱ्हाडात साधारण तीन तऱ्हांचे पाणी ठिबकात जाते.

पहिले, स्वच्छ विहिरीचे पाणी. त्यात थोडी माती, क्वचित गंजाचे कण. त्याला जाळीची किंवा चकत्यांची गाळणी पुरते.

दुसरे, बोअरचे किंवा नदीकाठच्या विहिरीचे वाळू ओढणारे पाणी. त्याला आधी शंकूच्या आकाराची, पाणी गरगर फिरवून वाळू तळाशी पाडणारी गाळणी लागते. तिला हायड्रोसायक्लोन म्हणतात. सुपात धान्य फिरवले की जड खडा वेगळा पडतो, तसेच हे. पण सुपाने कोंडा जाईल, दुधातली साय जाईल का? नाही. तशी ही गाळणी वाळू पाडते, शेवाळ पाडत नाही. तिच्यामागे जाळीची गाळणी हवीच.

तिसरे, उघडे पाणी : शेततळे, धरण, कालवा, नाला. यात शेवाळ, पालापाचोळा, किड्यांची अंडी असे सगळे असते. शेवाळ मऊ असते. ते जाळीवर थापले जाते, दाब वाढला की पिळून पलीकडे जाते आणि तोटीत पुन्हा एकत्र येते. आमच्याकडे नेमके हेच घडले. अशा पाण्याला वाळूची गाळणी लागते आणि तिच्यामागे राखणदार म्हणून जाळीची किंवा चकत्यांची. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून शेततळी वाढली. वरुड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा बेसुमार झाल्याने बागा तळ्याच्या पाण्यावर आल्या. म्हणून वाळूच्या गाळणीचा विचार आज घरोघरी करावा लागणार आहे.

वाळूत असे काय आहे?

ही काही नवी जादू नव्हे. लंडन शहरात चेल्सी येथे १८२९ साली नदीचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घरोघरी देण्यास सुरुवात झाली. आज शहरातल्या पोहण्याच्या तलावाचे पाणी ज्या टाकीतून फिरते, तीत वाळूच असते. आपल्या बागेतली लोखंडी टाकी तिचीच सख्खी बहीण. फरक इतकाच, की पोहण्याच्या तलावाचे तेच पाणी दिवसातून अनेकदा गाळणीतून फिरते. आपले पाणी एकदाच जाते आणि थेट तोटीशी पोचते. म्हणजे आपल्याला चुकायला जागा नाही.

जाळी कचरा वरच्यावर अडवते. वाळू तो थराच्या खोलीत अडकवते. दाण्यांच्या फटीतून वळसे घेत पाणी खाली येते आणि मऊ शेवाळ वाटेत गुंतून राहते.

यासाठी वाळू कोणती हवी? नाल्यातली भरू नका. तिचे दाणे गोल असतात आणि लहानमोठे एकत्र असतात. लहान दाणे मोठ्यांच्या फटी बुजवतात आणि पाणी तुंबते. गाळणीची वाळू एकसारख्या दाण्याची, धारदार कोरांची हवी. गारेची किंवा काळ्या दगडाची फोडून, चाळून केलेली असते ती. घेताना दोन परीक्षा घरीच करा.

पहिली : बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा. पाणी गढूळच राहिले, तर वाळू धुतलेली नाही.

दुसरी : वाळूवर पातळ केलेल्या आम्लाचे थोडे थेंब टाका. फसफसली, तर तीत चुनखडी आहे. पुढे आम्लाने संच धुताना ती विरघळेल. अशी वाळू परत करा.

टाकी काठोकाठ भरू नये. उलटे पाणी सोडून धुताना वाळू फुगून वर उठते, तिला वर मोकळी जागा लागते.

आकार : हिशेब हातात ठेवा

गाळणी नेहमी ताशी किती पाणी जाते यावर घ्यावी, पंपाच्या अश्वशक्तीवर नव्हे. समजा, संत्र्याची लागवड ६ मीटर बाय ६ मीटर आहे. एकरी सुमारे ११२ झाडे बसतात. झाडाला ताशी ८ लिटरच्या ४ तोट्या, म्हणजे ३२ लिटर. एकराला ताशी साधारण ३,६०० लिटर. पाच एकर एकदम भिजवायचे तर १८,००० लिटर. म्हणजे ताशी २० हजार लिटरची, दुकानाच्या भाषेत २० घनमीटरची गाळणी हवी.

पंप खरोखर किती पाणी देतो, हेही मोजून पाहा. २०० लिटरचा ड्रम ३६ सेकंदांत भरला, तर ताशी २० हजार लिटर. गाळणी लहान घेतली तर पाणी वाळूतून घाईने पळते आणि कचरा खाली ढकलते. थोडी मोठी घेतलेली वाळूची गाळणी सहसा पस्तावा करू देत नाही. हायड्रोसायक्लोन मात्र मोठा घेऊ नये. त्यात पाणी वेगाने फिरले नाही, तर वाळू वेगळीच होत नाही.

जाळीची बारीकी किती? तोटीच्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याइतके छिद्र हवे, हा ठोकताळा. वाट १ मिलिमीटर असेल तर छिद्र ०.१० ते ०.१४ मिलिमीटर. १२० मेशची जाळी म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. म्हणून बहुतेक ठिकाणी १२० मेश सांगतात.

मांडणीचा क्रमही ध्यानात ठेवा. पंप, मग वाळूची गाळणी, मग खताची टाकी किंवा व्हेंच्युरी, शेवटी जाळी. खत जाळीच्या आधी, म्हणजे न विरघळलेला खडा अडतो. वाळूच्या टाकीतली आतली चाळण फुटलीच, तर वाळूही जाळीवरच थांबते.

घेतली म्हणजे झाले नाही

गाळणीला दोन दाबमापक हवेत, एक आत जाणाऱ्या पाण्यावर, एक बाहेर येणाऱ्यावर. गाळणी स्वच्छ असताना दोन्हींतला फरक किती, ते भिंतीवर खडूने लिहून ठेवा. फरक वाढत अर्ध्या किलोपर्यंत गेला की गाळणी उलटी धुवावी. "आठ दिवसांनी धुऊ" असे वार धरून चालू नका. उन्हाळ्यात शेवाळ माजते तेव्हा रोजही धुवावी लागेल.

उलटे धुताना बाहेर पडणारे पाणी काचेच्या पेल्यात धरा. ते निवळ दिसेपर्यंत थांबू नका. तोंडाशी जुन्या धोतराचे फडके धरून पाहा. चार दाणे आले तर चालेल, मूठभर वाळू येऊ लागली तर झडप थोडी आवळा. वर्षातून एकदा टाकी उघडा. वर साय धरल्यासारखे कवच असेल तर काढून टाका, वाळू कमी झाली असेल तर भर घाला, दाण्यांच्या कोरा झिजून गोल झाल्या असतील तर वाळू बदला.

आणि तोट्यांची परीक्षा झाड सुकायच्या आत करा. ताशी ८ लिटरच्या तोटीखाली ३ मिनिटे भांडे धरले तर ४०० मिलिलिटर पाणी पडायला हवे. नळीच्या सुरुवातीला एकदा, शेवटाला एकदा. हे काम शाळेतली मुले आनंदाने करतात. आमच्याकडे आता आकडे वहीत तीच लिहितात.

गाळणी काय करत नाही

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातील वाचकांसाठी हा भाग खास. विरघळलेला क्षार कोणत्याही वाळूने निघत नाही. मिठाचे पाणी फडक्यातून गाळले तर खारटच राहते, तसेच हे. कोणी वाळूची टाकी 'खारे पाणी गोडे करणारी' म्हणून विकू लागला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. तेथे तळ्यात साठवलेले पावसाचे पाणी हाच खरा आधार.

त्या चोपण मातीचा अगदी बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो, लवकर बसत नाही, आणि वाळूतूनही पार होतो. त्यावर उपाय म्हणजे पाणी निवळू देणे, पंपाचे तोंड तळाशी न ठेवता पिंपाला बांधून पाण्याच्या थोडे खाली तरंगते ठेवणे, आणि नळ्यांची टोके उघडून वरचेवर धुणे.

क्षाराची पांढरी पुटे तोटीवर धरली तर आम्लाने धुतात, शेवाळाला ब्लीचिंग पावडरची निवळी वापरतात. पावडर तशीच सोडू नये, तिच्यातला चुनाच तोट्या बुजवतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र आणू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मात्रा किती, हे कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पाण्याचा नमुना दाखवून विचारावे.

वाळूतून आलेले पाणी निवळ दिसते म्हणून ते पिऊ मात्र नये. शेवाळ अडले तरी रोगजंतू अडले असे नाही.

शेवटची गोष्ट मायबापांसाठी. अस्तराचे तळे उन्हाळ्यात निळेशार दिसते आणि पोरांना ते पोहण्याचे वाटते. ओल्या प्लॅस्टिकचा उतार इतका निसरडा असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. भोवती कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा. संत्र्याचा एक बहर गेला तर पुढचा येतो. घरचे लेकरू गेले तर परत येत नाही.

तेव्हा उद्या सकाळी दोनच कामे करा. नळीच्या शेवटच्या तोटीखाली भांडे धरून पाहा आणि तळ्याभोवती एक फेरी मारा.