अर्जात कारण लिहायचे नसते

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही आमच्या घरात नुसती म्हण नाही, अनुभव आहे. माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले. अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून रेशनकार्डापासून सगळे अर्ज माझ्याकडे. बाबांची शिकवण एकच : "कारण नीट लिही, आणि शेवटी 'कृपा व्हावी' विसरू नकोस."

गेल्या वर्षी बाबांनी फंडातून पैसे काढून कल्याणजवळ दोन खोल्या घ्यायचे ठरवले. विकणाऱ्याने बांधकाम परवानगीची झेरॉक्स दिली. सही, शिक्का, क्रमांक, सारे व्यवस्थित. पण आपल्या भागात शिक्क्यावर विसंबणे महागात पडते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथील लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. पुढे कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून 'महारेरा'ची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सही खोट्याची, आणि छप्पर गेले घेणाऱ्याचे!

राज्यशास्त्राच्या तासाला शिकलेला माहितीचा अधिकार तेव्हा मला आठवला. महाराष्ट्राने आधीच स्वतःचा कायदा केला होता. आज लागू असलेला केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आता अर्ज ऑनलाइनही करता येतो. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो.

मी त्या परवानगीच्या क्रमांकाची नोंद आणि मंजूर नकाशाची प्रत मागितली. बाबांनी अर्ज वाचला नि विचारले, "यात कारण कुठे आहे?" कलम ६ प्रमाणे माहिती का हवी हे सांगावे लागत नाही, हे मी समजावले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. आयुष्यभर ज्यांनी कारणे देऊन कृपा मागितली, त्यांना हा कागद अपुरा वाटला असावा. मला मात्र कायद्याचा सारा अर्थ तिथे कळला. विनंतीला कारण लागते, हक्काला लागत नाही. आपल्या नावाने चाललेल्या कारभाराचा हिशेब विचारताना तो कशासाठी, हे सांगायची गरज नाही. कारण सांगायचे असते ते माहिती नाकारणाऱ्याने.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. पोच जपून ठेवली होती. तिच्या आधारे अपील केले. मग तीन ओळींचे पत्र आले : सदर क्रमांकाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. बाबांचे पैसे वाचले.

पण मित्रहो, गोष्ट इथे संपत नाही. ती इमारत उभीच आहे, आणि संध्याकाळी तिच्यात दिवे लागतात. हा कायदा कागद हाती देतो. कारवाई करून देत नाही. शिवाय माझे उत्तर माझ्याच पेटीत पडून राहिले, तर शेजारच्याला त्याचा काय उपयोग? म्हणून मला कलम ४ अधिक महत्त्वाचे वाटते. कोणी मागण्याआधीच कार्यालयाने माहिती स्वतःहून जाहीर करावी, असे ते सांगते. दिलेल्या परवानग्यांची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर सहज वाचता येईल अशी लागली, तर खोटा शिक्का चालणार कसा?

त्या यादीसाठी मी दुसरा अर्ज केला आहे. या वेळी बाबांनी कारण विचारले नाही. एवढेच म्हणाले, "पोच घेतलीस ना?"