संगणकातील घटनांवर पाळत

एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहण्याच्या दोन रीती तुम्हांला ठाऊक आहेत. एक म्हणजे दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जाऊन "गाडी लागली का हो?" असे विचारणे. दुसरी म्हणजे बाकावर स्वस्थ बसून ध्वनिक्षेपकाकडे कान लावणे. पहिल्या रीतीत तुमचे पाय दुखतात आणि खिडकीतला माणूसही वैतागतो. संगणकाच्या आत काय घडत आहे हे जाणून घ्यायचे, तर आज्ञावली लिहिणाऱ्यापुढेही याच दोन वाटा असतात.

विंडोज ही कार्यप्रणाली चालू असताना तिच्यात सतत काही ना काही घडत असते. एखादा प्रोग्रॅम सुरू होतो, दुसरा बंद पडतो, कोणी पेन-ड्राइव्ह जोडतो. या साऱ्याची माहिती एकाच पद्धतीने मिळावी म्हणून १९९६ साली काही संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन एक योजना आखली. त्या योजनेला धरून मायक्रोसॉफ्टने जी व्यवस्था तयार केली, तिला 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन' असे लांबलचक नाव आहे. आपण 'डब्ल्यूएमआय' म्हणू. विंडोज २००० पासून ती कार्यप्रणालीतच अंतर्भूत आहे. पुढे २००२ साली आलेल्या 'डॉट नेट' संचात तिच्याशी बोलणारे तयार 'वर्ग' मिळू लागले. वर्ग म्हणजे तुमचा नववी 'अ' नव्हे! विशिष्ट काम करणाऱ्या वस्तूचा आराखडा म्हणजे वर्ग. आपल्याला हवा असलेला वर्ग 'मॅनेजमेंटइव्हेंटवॉचर', म्हणजेच घटनांवर नजर ठेवणारा पहारेकरी.

पहारेकऱ्याला काय पाहायचे ते सांगावे लागते. ते सांगणारी पृच्छा अशी असते (संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागते) :

सिलेक्ट * फ्रॉम __इन्स्टन्सक्रिएशनइव्हेंट विदिन १० व्हेअर टार्गेटइन्स्टन्स इसा 'विन३२_प्रोसेस'

अर्थ असा : नवी वस्तू निर्माण झाल्याची घटना कळव, ती वस्तू 'प्रोसेस' या प्रकारची, म्हणजे चालू झालेला प्रोग्रॅम, असली पाहिजे. 'निर्मिती'ऐवजी 'लोप' किंवा 'बदल' यांचीही घटना मागता येते. बदलाच्या घटनेत तर वस्तूची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपे हाती येतात. मग पहारेकऱ्याला 'स्टार्ट' म्हणावे. घटना घडली की तो तुम्ही नेमून दिलेला आज्ञावलीचा तुकडा चालवतो. तोवर तुमची आज्ञावली दुसरे काम करायला मोकळी असते.

आता 'विदिन १०' या शब्दांकडे नीट पाहा. सगळी गंमत तिथे आहे. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना डब्ल्यूएमआयला आपोआप कळते, असे या पृच्छेत नसते. ती व्यवस्था दर १० सेकंदांनी चालू प्रोग्रॅमांची यादी करते आणि मागच्या यादीशी ताडून पाहते. म्हणजे ध्वनिक्षेपकावर बोलणारा माणूसच दर १० सेकंदांनी खिडकीबाहेर डोकावतो! दोन डोकावण्यांच्या मध्ये जी गाडी येऊन गेली, तिची घोषणा कधीच होत नाही.

किती गाड्या हुकतील? समजा एखादा प्रोग्रॅम केवळ ४ सेकंद चालतो. तो सापडण्यासाठी एका यादीचा क्षण त्या ४ सेकंदांत यायला हवा. प्रोग्रॅम केव्हाही सुरू होऊ शकत असेल, तर ही संभाव्यता ४/१०, म्हणजे ०.४ आहे. दहांपैकी सरासरी सहा वेळा तो निसटेल. जो १० सेकंदांपेक्षा जास्त टिकतो तो मात्र नक्की सापडतो. त्याची वार्ता ० ते १० सेकंद उशिरा, सरासरीने ५ सेकंद उशिरा येते. पडताळा घेणे सोपे आहे : 'पेंट' वीस वेळा उघडा, स्टॉपवॉचने दर वेळचा उशीर मोजा आणि सरासरी काढा.

मग '१०'च्या जागी '०.१' का लिहू नये? कारण यादी फुकट तयार होत नाही. दर वेळी संगणकाचा वेळ खर्ची पडतो. प्रोग्रॅमांची यादी लहान असते म्हणून एक सेकंदाचे अंतर खपून जाते. पण डिस्कवरील सर्व फाइलींची यादी एवढ्या घाईने मागाल, तर पाळत ठेवता ठेवता संगणकच धापा टाकू लागेल.

काही घटनांबाबत हे डोकावणे टाळता येते. 'विन३२_प्रोसेसस्टार्टट्रेस' ही घटना मागितली, की प्रोग्रॅम सुरू होताच वार्ता येते. येथे 'विदिन' लागत नाही, आणि अल्पायुषी प्रोग्रॅमही सुटत नाहीत. मात्र त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. माझ्या मते हे बंधन योग्यच आहे.

का, ते पुढील प्रकारावरून कळेल. आपला पहारेकरी आज्ञावली थांबली की नाहीसा होतो. परंतु डब्ल्यूएमआयमध्ये कायमची नोंदही करता येते : अमुक घटना घडली की तमुक प्रोग्रॅम चालव. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी ती टिकते. २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या घातक प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकात शिरल्यावर स्वतःला चालू करून घेण्यासाठी याच सोयीचा वापर केला होता. म्हणून संगणकाची सुरक्षितता तपासणारे लोक डब्ल्यूएमआयचा 'सबस्क्रिप्शन' हा कप्पा उघडून तेथे कोणाकोणाच्या नोंदी आहेत, हे आवर्जून पाहतात.